यमुनावहिनींची खारी घागर

गेल्या महिन्यात मुर्रीहून माणूस आला. "यमुनाबाई गेल्या," एवढंच म्हणाला. मी पोरांच्या बीजगणिताच्या वह्या तपासत होतो... पेन्सिल खाली ठेवली. ज्या बाईला सही येत नव्हती, तिनं दोन नापासांना मॅट्रिक केलं. हसू नका, त्यातला एक मी!

दुसरा तिचा नवरा, माझा दोस्त सीताराम. आम्ही दोनदा आपटलो होतो, दोन्ही वेळा बीजगणितात. त्याच्या बापानं बजावलं, "यंदा शेवटचं. मंग नांगर धर." त्या जूनमध्ये आम्ही मुर्रीला त्याच्या ओसरीवर एकाच उदाहरणाशी झुंजत होतो : शंभरात दहा भाग मीठ असलेलं दहा शेर पाणी आहे, त्यात शंभरात पंचवीस भाग मीठ असलेलं किती घालावं, म्हणजे मिश्रणात शंभरात पंधरा भाग उतरेल? पाटीभर 'क्ष' मांडून मी डौलात उत्तर जाहीर केलं, "उणे चार शेर!"

अंगणात वहिनी घागरीत मीठ कालवत होत्या. धानाचं बियाणं त्यात टाकलं की पोचट तरंगतं, भरीव बुडतं. त्या खो-खो हसल्या.

"भाऊजी, उणे चार शेर? मागल्या दारानं पळालं का पाणी?"

सीताराम चिडला. "तुले काय समजते त्यातलं?"

"तुमी पाणी कायले मोजून राहिले? मीठ पाहा ना! पंधरा पायजे. एक पाचानं फिकं, दुसरं दहानं खारट. मंग फिक्याचे दोन वाटे, खारटाचा एक. दहाले पाच शेर. झालं!"

आम्ही मीठ मोजून ताळा केला. तंतोतंत! सीतारामनं माझे 'क्ष' पुसून टाकले.

मार्चमध्ये पेपरात मिश्रणाचंच उदाहरण आलं. परीक्षेच्या दालनात मी जवळजवळ नाचलो. दोघंही पास! पेढे घेऊन गेलो नि विचारलं, "वहिनी, गुरुदक्षिणा?"

"विहिरीवरून दोन घागरी आणा," त्या म्हणाल्या. आणल्या, मॅट्रिक झालेल्या दोघांनी, साऱ्या गावादेखत!

परवा मुर्रीला गेलो. अंगणात तीच घागर, शेजारी बियाण्याची टोपली. सीताराम एकटाच मीठ कालवत होता. वहिनी चाखायच्या तसं मी बोट बुडवून चाखलं.

"फिकं आहे रे."

तो थांबला. डोळे पुसले, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मंग टाकू का... उणे चार शेर?"

आम्ही इतके हसलो की शेजारीण कुंपणापाशी आली. मग त्यानं आणखी मूठभर मीठ घातलं, बियाणं ओतलं. पोचट वर आलं. भरीव, टपोरं धान सरसर तळाशी बसलं.