बिल्ल्यावरचे पणजोबा

आई गेल्यावर बाबा अमेरिकेत पिस्कॅटवेला आमच्याकडे राहायला आले, ते एक पितळी बिल्ला घेऊन. त्यावर ढाल, दोन बाजूंना घोडे आणि मागे कोरलेला एक आकडा. हे त्यांच्या पणजोबांचं राजचिन्ह, ते संस्थानात सरदार होते, असं बाबा मी लहान असल्यापासून ऐकवत आलेत. फक्त सरदारांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. बाबांच्या पणजीने जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नाही, इतरांची विचारायची छाती झाली नाही, आणि कागद म्हणाल तर एकही उरला नाही. कमाल आहे एकेकाची.

यंदा बाबांनी हट्टच धरला. सर्वपित्रीला तर्पण करताना वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं घ्यावी लागतात. "माझं आता किती राहिलंय? एकदा तरी नाव घेऊन पाणी देऊ दे," म्हणाले.

मी ऑफिस सांभाळून दिसेल त्या अभ्यासकाला बिल्ल्याचे फोटो पाठवत सुटले. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. शेवटी जुने बिल्ले जमवणाऱ्या पुण्याच्या एका काकांचा फोन आला. ते चिन्ह संस्थानाचं होतं, आमचं नव्हे. असे बिल्ले दारवानांच्या पट्ट्यावर असत आणि माणूस गेला की तोच आकडा पुढच्याला मिळे. नावं कुठे सापडतील, असं मी विचारलं. "दारवानांची नावं कोण जपून ठेवणार?" काका म्हणाले.

बाबांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. ते एवढंच म्हणाले, "दारवान तर दारवान. पण नाव?" मला रडू आलं.

अमावास्येला गुरुजी झूमवर होते. पणजोबांपाशी अडलं तेव्हा ते म्हणाले, नाव माहीत नसेल तर नुसतं पणजोबा म्हणा, चालतं. बाबा ताम्हणावर हात धरून थांबले. एवढ्यात माझी मुलगी फ्रिजमधून दूध घ्यायला आली. बाबांनी तिला विचारलं, "बाळा, माझं नाव काय?"

तिला गंमत वाटली. "आजोबा," ती म्हणाली.

"खरं नाव गं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी सांगणार, तर बाबांनी मान हलवून मला थांबवलं. "सॉरी, आय डोन्ट नो," ती म्हणाली.

बाबांनी हातातलं पाणी ताम्हणात सोडलं. "चालू द्या गुरुजी. नुसतं पणजोबा म्हणा."