पडवीतला कारखाना

लोणावळ्यातले आमचे शेजारी रेल्वेत गार्ड होते. पडवीत त्यांनी सुतारकामाचा कारखाना थाटला होता. करवती, रंधे, खाचा पाडायचं विलायती हत्यार, सगळं रोज तेल लावून खुंटीला टांगायचे. "लाकूड कधी कापणार?" विचारलं, की दचकत. "छे हो! धार जाईल."

एका पावसाळ्यात खोलीचं दार फुगलं आणि शेजारच्या वहिनी आत अडकल्या. गार्डसाहेब छत्री घेऊन सुतार आणायला धावले. वहिनींनी खिडकीतून माझ्याकडे पडवीतली पटाशी मागितली, दाराची कड तासली आणि बाहेर आल्या.

"दार तर उघडंच हाय की!" सुतार म्हणाला. गार्डसाहेबांनी आधी पटाशीची धार पाहिली, मग बायकोकडे पाहिलं.

पुढे पडवीतून करवतीचा आवाज येऊ लागला. वहिनी पाट करायच्या. तेल लावायचं काम मात्र त्यांनी नवऱ्याकडेच ठेवलं.