वनमालाबाईंचा अर्धा दात

वनमालाबाईंचा पुढचा दात अर्धाच आहे, आणि तो कसा तुटला हे त्या न विचारताही सांगतात. रायपूरजवळच्या बीरगावच्या एका चार खाटांच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालेलं, मोठ्या गाड्यांसाठी रस्ते रुंद होत होते आणि खणून ठेवलेल्या खड्ड्यांत डास मजेत वाढत होते.

त्या ऑक्टोबरात भरदुपारी धर्मपालने धाकट्या भावाला, हिरालालला, खांद्यावर टाकून आणलं. मागे त्यांची आई कौमुदीकाकू, छातीशी पिशवी घट्ट धरलेली. हिरालाल लोखंडाच्या कारखान्यात घण उचलणारा गडी. तीन दिवसांचा ताप, गोळी दिली की ओकायचा. मग शुद्ध गेल्यावर या शहाण्यांनी काय करावं? चमच्याने दात फाकवून गोळ्या कोंबल्या. ओठ फाटलेले, शर्ट रक्ताने माखलेला.

मलेरिया मेंदूत चढला होता. "आता तोंडातून एक थेंबही नाही," डॉक्टरांनी बजावलं. "याला गिळता येत नाही. पाजाल ते फुफ्फुसात जाईल, गुदमरून मरेल." शिरेतून क्विनाईनची सलाईन लावली. चार तास थेंब थेंब सोडायची, घाई केली तर हृदयच बंद पडायचं. एवढं सांगून ते रक्ताची बाटली आणायला शहरात गेले, आणि सगळा भार एकट्या वनमालाबाईंवर पडला.

अर्ध्या तासात हिरालालला झटके आले. बाईंनी सुईचं औषध देऊन ते थांबवले, तर तो बेभान झाला. सुई उपटून फेकली, बाईंच्या पोटात लाथ घातली, मनगटाला असा चावला की कातडी सोलून निघाली. बाईंनी बँडेजने त्याचे पाय आणि एक हात खाटेला बांधला, दुसरा हात गुडघ्याखाली दाबला आणि पुन्हा शीर शोधून सुई टोचली.

"माझा भाऊ जनावर आहे काय? सोड त्याले!" धर्मपाल धावून आला, आणि त्याची मूठ बाईंच्या तोंडावर बसली. दात तुटला. बाई रक्त थुंकल्या.

"मार अजून," त्या म्हणाल्या. "पण हा हात मी सोडत नाही."

तेवढ्यात हिरालालच्या घशातून घरघर निघाली. कौमुदीकाकूंना वाटलं, संपलं सगळं. पिशवीतून त्यांनी गंगेचा गडू काढला. लाखेने बंद केलेला हा तांब्याचा गडू नवऱ्याने तीस वर्षांपूर्वी प्रयागहून आणला होता, काकूंच्या स्वतःच्या शेवटच्या घटकेसाठी. पोरासाठी त्यांनी तो फोडला, तुळशीचं पान काढलं आणि गडूच त्याच्या तोंडाला लावायला निघाल्या.

"काकू, नका. तो जिवंत आहे!"

काकूंच्या कानात काहीच शिरत नव्हतं. बाईंचे दोन्ही हात गुंतलेले, एक सुईवर, एक त्याच्या दंडावर. राहिला पाय. रोज आंघोळीच्या पाण्यात गंगेचं नाव घेणाऱ्या वनमालाबाईंनी गडूला सणसणीत लाथ मारली. गडू भिंतीवर आपटला आणि पाणी फरशीवर पसरलं.

"गंगेले लाथ मारली!" धर्मपालने त्यांची वेणी धरून ओढलं, पाठीत बुक्के घातले. वेणीतला केसांचा झुपका त्याच्या हातात आला. तरी बाई त्या दंडावर पालथ्या पडून राहिल्या. शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांनी धर्मपालला ओढून बाहेर काढलं, तेव्हा सलाईन तशीच चालू होती, थेंब थेंब.

घरी गेल्यावर बाई देवापुढे बसून खूप रडल्या. ठोसे कधीच विसरल्या होत्या, रडल्या त्या लाथेसाठी.

चौथ्या दिवशी हिरालालने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. धर्मपाल दाराशी मान खाली घालून उभा होता. काकूंनी पेला भरला, पण तोंडाजवळ नेईनात. त्या बाईंकडे बघत राहिल्या.

"दीदी, आता पाजू काय?"

बाईंनी हिरालालला उठवून बसवलं, घोटभर पाणी स्वतः पाजलं, घशावर बोट ठेवून पाहिलं. गिळलं त्याने. मग पेला काकूंच्या हाती दिला.

पोराने सगळा पेला संपवल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "माह्या शेवटच्या वक्ताचं पाणी तर तू सांडवलंस. आता माह्या मरणाले तूच ये. नळाचं पाज."

वनमालाबाई हसल्या, तेव्हा अर्धा दात पहिल्यांदाच दिसला. "येईन," त्या म्हणाल्या. "पण आधी गिळता येते का, ते पाहीन."