पिसूचं जाकीट

आमच्या कसरत मंडळात सगळ्यात खाली उभे राहायचे ते काचवाले दादा, आणि त्यांच्या खांद्यावर चढायचा तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. धाकट्याला आम्ही पिसू म्हणायचो. अंगाने पाप्याचं पितर, पण उडी अशी की बघणाऱ्याची मान दुखावी. तो टपाल वाटायचा. दादांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोंच्या चौकटी. लहानपणी अंगणात एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचा खेळ सुरू केला, तो पन्नाशी आली तरी चालूच होता.

मंडळ म्हणजे काही फार मोठा प्रकार नव्हता. शाळा सुटली की तिथला हॉल आम्हाला मिळायचा. निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून यायच्या आणि आम्ही चटया अंथरायचो. कुणी नर्स, कुणी बँकेतलं, मी कपडे शिवणारी. मी हातात मोठ्या रिंगा फिरवणाऱ्या, रिंगवाल्या बायकांच्या रांगेत असायचे. माझ्या शेजारी पिसूची बायको. तिला घरातही धाकटी म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो.

त्या वर्षी बाईंनी डोक्यात घेतलं की परदेशातल्या मोठ्या जिम्नॅस्टिक्स महोत्सवाला जायचं. तिथे नंबर नसतात, पदकं नसतात. देशोदेशीचे लोक जमतात, आपापल्या कसरती दाखवतात, संध्याकाळी आपापली गाणी नि नाच.

"पदक नाही, तर एवढं लांब तडमडायचं कशाला?" दादांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी विचारलं.

"आपण बघायचं, लोकांनी आपल्याला बघायचं. लग्नाला नाही का जात आपण?" पिसू म्हणाला, आणि विषय संपला.

तयारीला सगळ्यात जास्त नाचला तोच. पासपोर्टचे फोटो, रिंगा पेटीत कशा बसवायच्या, शेवटी तो दादांच्या खांद्यावर उभा राहायचा त्या मनोऱ्याला कुठलं संगीत, सगळ्यात त्याचं नाक. सगळ्यांची जाकिटं मी शिवली. पिसूचं माप इतकं लहान की त्याचं जाकीट वेगळं बेतावं लागलं. खांद्याला दोन जादा चुण्या घातल्या. तो आरशासमोर उभा राहून म्हणाला, "शिंपीणबाई, यात मी माणूस दिसतोय की बाहुला?"

त्यानंतर एका सकाळी बुटाची नाडी बांधायला तो वाकला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. ध्यानीमनी नसताना.

दादांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आल्यागेल्याला खुर्ची देत होते, पाणी देत होते. आठवड्याने दुकान उघडलं. लोक म्हणाले, काय काळजाचा दगड आहे! पण दगड वगैरे काही नव्हतं. मी एकदा फोटोची चौकट घ्यायला गेले, तेव्हा ते आरशाची कड घासत होते. काचेवर लाल ओघळ आला. तळहात चांगलाच कापला होता.

"दादा, अहो हात!"

त्यांनी हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. "हो का," म्हणाले. "थांबा, पुसून देतो." आणि आरसा पुसायला लागले.

वहिनी सांगायच्या, जेवायला वाढलं तर जेवतात. नाही वाढलं तर विचारत नाहीत. मीठ विसरले तरी हूं की चूं नाही.

बाई दुकानात आल्या आणि मांडलेल्या चौकटी उगाच सरळ करत बसल्या. "आपण यंदा राहू देऊ," असं त्या शेवटी म्हणाल्या. "निदान मनोरा तरी काढून टाकू."

"कशाला? ठेवा की."

"अहो, पण वर कोण चढणार?"

"कुणीही. मला काय, वजन ते वजन."

बाई चपापल्या. पण त्या तरी काय करणार? दोघातिघांनी चढून पाहिलं. एक जण जड निघाला, एकाचे पाय लटपटले. मग एका संध्याकाळी रिंगवाल्यांच्या रांगेतून धाकटी पुढे झाली. ती मुलखाची भित्री. पडदे लावायला स्टुलावर चढायची नाही.

"मी चढते," ती म्हणाली.

"तू?" बाईंच्या तोंडातली शिट्टीच सुटली.

"घरी येऊन रोज सांगायचे, वरून हॉल वेगळाच दिसतो म्हणून. मला बघायचंय काय दिसतं ते."

दादांनी गुडघे वाकवले आणि हात पुढे केले. ती चढली, किंचाळली, उतरली. परत चढली. दोन महिने हेच. तिच्या नखांचे ओरखडे दादांच्या मानेवर उमटायचे. वहिनी त्यावर मलम लावायच्या आणि म्हणायच्या, "मांजर पाळलंय ह्यांनी." दादा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. पिसूचं जाकीट धाकटीने घेतलं. बाह्या तोकड्या पडत होत्या. मी वाढवून देते म्हटलं, तर नको म्हणाली.

आणि आम्ही गेलो. आमची उतरायची सोय एका शाळेच्या वर्गांत होती. छोट्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या, फळ्यावर कुणाची तरी अर्धी पुसलेली गणितं. सकाळी पाव, उकडलेली अंडी आणि पातळ कॉफी. उद्घाटनाला एवढ्या मोठ्या मैदानात हजारो माणसं चालत होती. झेंडे, ढोल, सत्तरीच्या आज्या गुलाबी पोशाखात कोलांट्या मारताहेत. आम्ही सगळे वेड्यासारखे हात हलवत होतो, कुणी रडत होतं. दादा माझ्या शेजारून चालत होते. मी म्हटलं, "बघताय ना दादा?"

"पुढच्याची पिशवी उघडी आहे," ते म्हणाले. "सांगायला पाहिजे त्याला."

आमचा कार्यक्रम तिसऱ्या दिवशी तिथल्या एका हॉलमध्ये झाला. रिंगा बऱ्या फिरल्या, माझी एक निसटली. शेवटी मनोरा. धाकटी चढली, उभी राहिली, हात पसरले. टाळ्या पडल्या. ती नीट उतरली आणि आम्ही सगळ्या तिला बिलगलो.

"काय दिसलं गं?" मी विचारलं.

"छताचे पंखे," ती म्हणाली. "आणि बाईंचा भांग. केस फार विरळ झालेत गं त्यांचे." मग तिला हसू फुटलं, ते थांबेचना, आणि हसता हसता ती खाली चटईवर बसून रडली. पोटभर रडली. दादा तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आले, झाकण उघडून हातात दिली आणि बाजूला उभे राहिले.

तिथली एक रीत होती. शेवटच्या दिवशी लोक आपापले टी-शर्ट, टोप्या, जाकिटं एकमेकांशी अदलाबदल करायचे. आम्ही सगळे बागेत, हिरवळीवर होतो. जो तो कुणाशी तरी खाणाखुणा करत होता. दादा झाडाखाली बसले होते. पुढचं मी थोडं स्वतः पाहिलं, बाकी त्यांनी नंतर सांगितलं.

त्यांना गर्दीत आमचं जाकीट दिसलं. पाठमोरा, बुटका, किडकिडीत माणूस, आणि खांद्याला त्या दोन चुण्या. दादा उठले. मी हाक मारली, ती त्यांना ऐकूच गेली नाही. तो माणूस टपाटप चालत होता, ते मागे. कारंज्याला वळसा घालून, नाचणाऱ्या पोरींच्या मधून, कुणाच्या तरी डब्यात पाय देऊन. "मला ठाऊक होतं तो नाहीये," ते म्हणाले. "मी काय खुळा नाही. पण पाय चालत होते."

शेवटी त्यांनी त्याचा खांदा धरला. तो वळला. पांढऱ्या मिशा, तोंडभर सुरकुत्या, कुठल्या देशाचा कोण जाणे. त्याने आधी जाकीट गच्च धरलं. त्याला वाटलं हे परत मागायला आलेत. धाकटीने सकाळीच त्याला ते देऊन बदल्यात एक निळी टोपी घेतली होती. दादा तोंड उघडून उभे. त्यांच्या भाषेतलं याला येईना, याच्या भाषेतलं त्यांना. मग त्या म्हाताऱ्याने दादांचे खांदे निरखले, त्यावर थोपटलं आणि बोटाने वर खूण केली. चढू का?

दादांनी गुडघे वाकवले.

म्हातारा सराईत होता. मांडीवर पाय, हाताला धरून झरकन वर. दादा सांगताना इथे थांबले. "पिसू आधी उजवा पाय टाकायचा," ते म्हणाले. "आणि टाच मानेला टेकवायचा. चाळीस वर्षं. याने डावा टाकला."

"मग?"

"मग काय. मेला पिसू."

एवढंच म्हणाले. त्यांच्या डोक्याला ते बुटाच्या नाडीच्या सकाळपासून माहीत होतं, पण खांद्याला तेव्हा कळलं. त्यांचे गुडघे लटपटायला लागले. जन्मात कधी लटपटले नव्हते. म्हातारा चटकन खाली उतरला. त्याला वाटलं, माणूस दमला असेल. त्याने त्यांना धरून गवतावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसला. मी शोधत शोधत पोचले तेव्हा दोघं संत्र्याच्या फोडी खात होते. दादांच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. चेहरा फक्त सुजल्यासारखा दिसत होता.

धाकटीही मागून आली. जाकीट त्या माणसाच्या अंगावर बघून तिला ओशाळल्यासारखं झालं. "दादा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"बरं केलंस," दादा म्हणाले. "तुला बाह्या तोकड्याच होत्या."

रात्रीच्या समारोपाला ते आले नाहीत. वर्गात जाऊन झोपले, ते सकाळी हलवून उठवेपर्यंत. विमानतळावर वहिनींचा फोन आला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज ऐकू येत होता.

"कसं काय झालं सगळं?"

"बरं झालं."

"आणि तुम्ही?"

दादांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. वहिनींना वाटलं फोन तुटला, त्या हॅलो हॅलो करत होत्या.

"खांदे दुखताहेत गं," ते म्हणाले. "फार दुखताहेत."

"मग मलम आहे ना बॅगेत, ते लावा," वहिनी म्हणाल्या, आणि मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "या तुम्ही. मी लावते."