घट न उगवलेल्या वर्षाचं बी

१९७२ साल. मी चौतीस वर्षांचा. वळसंगच्या आमच्या शिवारात पाऊस झालाच नव्हता. खायची ज्वारी तळाला गेलेली. उरलं होतं एक टोपलंभर बियाणं. त्याची कणसं वडिलांनी हातानं निवडलेली, त्यांच्यामागं मी जपलेली. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. मी मरेन पण जाणार नाही, असं चारचौघांत बोलून बसलो होतो.

नवरात्रात त्याच बियाचा घट बसवला. माळांवर माळा चढल्या, पण मातीतून एक कोंब वर आला नाही. बायको म्हणाली, देवीनंच सांगितलं, बी मेलंय. दळून पोरांच्या पोटात तरी घालू. मी तिसरीपर्यंत शिकलेला, पण बी मला कळतं. म्हटलं, बी मेलेलं नाही, विहिरीचं पाणी खारं झालंय, त्यानं घात केला. टँकरचं गोडं पाणी दे वाटीभर.

"आन् पोरांना काय पाजू, तुमचा हेका?"

मग मिळेल ते आणलं. अक्कलकोट रोडला सूत रंगवायचा कारखाना होता, तिथल्या नाल्याकडेला गवत हिरवं दिसायचं, म्हणून ते पाणी डबाभर आणलं. शेजाऱ्याच्या गाईचं मूत, त्यांच्याच घरचं ताक. फडक्यात दाणे बांधून वेगवेगळ्या वाटीत भिजवले. ताकातले आंबले. गोमूत्रातले फुगून काळे पडले. रंगाच्या पाण्यातले नुसते निळे झाले.

"लुगडं तर नेसवलं, आता बारसं कधी?" असं म्हणून बायको जातं पुसायला लागली.

तिला थांब म्हटलं. थोडे दाणे नव्या फडक्यात बांधून माझ्या वाट्याचं प्यायचं पाणी त्यावर शिंपडत राहिलो. जीभ टाळ्याला चिकटायची. तिला कळलं होतं. तिनं जातं झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फडकं सोडलं, तर दाण्यादाण्याला पांढरं मूळ.

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. असलं पाणी शेताला कुठनं घालणार? बायकोनं ते दाणे तळहातावर घेतले.

"जित्तं हाय की वो," ती म्हणाली. "आता दळू कसं? आन् न दळता पोरांना घालू काय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं बी राखेत कालवून मडक्यात भरलं, तोंड शेणानं लिंपलं, आणि गावाच्या देखत खडी फोडायला जाऊन बसलो.