साधी घ्यावी की विलायती

किराणा दुकानात गिऱ्हाईक येतं, साखर घेतं आणि जातं. बंदुकीच्या दुकानात तसं होत नाही. कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या झिजवून एकदाचं लायसन मिळालेलं असतं, खरेदी आयुष्यात एकदाच करायची असते. त्यामुळे माणूस बाकावर ऐसपैस बसतो, चहा पितो आणि हळूहळू स्वतःविषयी बोलायला लागतो. बीडमधलं आमचं दुकान आजोबांपासूनचं, निजामाच्या वेळचं. विक्री बेताचीच. बंदुका मोजून पोलिसांना दाखवाव्या लागतात, किश्श्यांचा हिशोब मात्र कुणी मागत नाही, म्हणून ते साचत गेले.

दुकानात आम्ही दोघंच. मी विकतो, रशीदभाई दुरुस्त करतात. शिकार कधीच बंद झाली, पण रायफल हातात घेतली की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक शिकारी येऊन बसतोच! खरं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एकाला डुकरांपासून पीक राखायचं असतं आणि दुसऱ्याला लोकांनी बघायला हवं असतं.

*

दुसऱ्या प्रकारातले एक पुढारी एकदा आले. बसायच्या आधीच म्हणाले, "सगळ्यात भारी कोणती हाय?"

कशासाठी पाहिजे, असं मी विचारलं. "भारी पाहिजे," ते म्हणाले.

मी काढून दिली. गोळी भरायचा बोल्ट कसा ओढायचा, नेम कसा धरायचा, हे मी मन लावून सांगत होतो. साहेबांचं लक्ष पट्ट्यावर. पट्टा तपकिरी होता आणि त्यांच्या गाडीचं सीटकव्हर काळं. मॅचिंग पट्टा मिळेल का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला.

लायसन रिन्यू करायच्या वेळी ती रायफल तपासायला आली. नळीत आमच्याच दुकानाचं ग्रीस जसंच्या तसं होतं. पट्टा तेवढा दोनदा बदललेला होता.

*

दिंद्रुडचे एक निवृत्त गुरुजी आजोबांची विलायती रायफल विकायला घेऊन आले. अशा जुन्या विलायती मालाला अजून मान आहे. नवीन येत नाही, आणि होती ती लोक सोडत नाहीत. आजोबांनी तिनं धारूरच्या डोंगरात बिबट्या कसा लोळवला, ते गुरुजींनी चहा थंड होईपर्यंत सांगितलं. वर म्हणाले, "मी वर्षातून दोनदा स्वतः साफ करतो."

रशीदभाईंनी नळीत गज घातला तर तो मध्येच अडला. ठोकून काढलं, तर आतून कुंभारीण माशीचं मातीचं घर निघालं.

आम्ही दोघं गुरुजींकडे बघत राहिलो. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. म्हणाले, "बाहेरून करतो."

साफ झाल्यावर मात्र ती रायफल बघत राहावी अशी निघाली. खांद्याला टेकायचा दस्ता अक्रोडाचा, आणि बोल्ट एका बोटानं सरकायचा. मी ती घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली.

*

आणि त्याच फळीवर अप्पांचा जीव जडला.

अप्पा म्हणजे धारूरच्या घाटावरच्या एका वस्तीवरचे शेतकरी. पीक राखायला म्हणून त्यांना लायसन मिळालेलं. पहिल्या दिवशी आले ते दोन रायफली समोर ठेवून बसले. एक नवी, साधी, देशी. बोल्ट जरा कडक, लाकूड जेमतेम, पण कामाला चोख. दुसरी ती गुरुजींची विलायती. एकदा ही उचलायची, एकदा ती. संध्याकाळी दोन्ही खाली ठेवल्या आणि "येतो," म्हणून निघून गेले.

पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. आमच्या बाकावर अप्पांची जागाच ठरून गेली. रशीदभाई मला म्हणाले, माणूस सोयरीक जुळवतानाही इतकं बघत नाही.

शेवटी मीच स्पष्ट बोललो. डुकरं पळवायला हवेत बार काढायचा, त्याला साधी पुष्कळ झाली. उगाच विलायतीच्या मागे कशाला लागता?

अप्पांनी हातातली विलायती खाली ठेवली. मग जे सांगितलं ते असं. आदल्या वर्षी भुईमुगात डुकरानं त्यांच्या बायकोची, केसरवहिनींची, मांडी फाडली होती. जखम भरली, त्या चालायलाही लागल्या, पण रानाच्या बांधापाशी आल्या की पाय उचलेना. जन्म सगळा मातीत गेलेली बाई दिवसभर घरात भिंतीकडे तोंड करून बसायची.

"मला डुकराचं काय न्हाई मालक," अप्पा म्हणाले. "तिनं पुन्यांदा रानात यावं, येवढंच हाय. मग कोन्ची घिऊ, तुमीच सांगा."

बंदुकीची माहिती मला आहे, पण कोणती बंदूक बघून एखाद्या बाईची भीती जाईल, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी चहा सांगितला.

*

अप्पांचा निकाल लावला तो बळीराम नावाच्या आमच्याच एका गिऱ्हाइकानं. हा गडी मोठा हुज्जतखोर. लोखंड ते लोखंड, असं म्हणून त्यानं मागेच साधी रायफल नेली होती. एका रविवारी दस्ता फुटलेली रायफल घेऊन तो दुकानात आला.

डुक्कर समोर आलं, यानं नेम धरला, चाप ओढला आणि नुसतंच 'टक्'. पुन्हा 'टक्'. डुक्कर जागचं हललं नाही. मग यानं काय करावं? रायफलच फेकून मारली. बरोबर डुकराच्या कपाळावर बसली आणि ते पळालं!

"गोळीपरीस फेकून चांगली लागती हो," बळीराम म्हणाला.

रशीदभाईंनी दस्ता उलटापालटा करून बघितला. "मियाँ, दगड बिनालायसनचा मिलता था," म्हणाले.

खोदून विचारल्यावर कळलं, की पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून काडतुसं यानं पावसाळाभर कडब्याच्या गंजीत ठेवली होती. दोष सगळा ओलीचा, रायफलीचा काही नाही. मी हे बाकावरच्या अप्पांना दोनदा समजावून सांगितलं. पण भ्यालेल्या माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं. अप्पांनी 'टक्' ऐकलं होतं. त्याच दिवशी त्यांनी विलायती घेतली.

*

अप्पा एवढे पैसे घालताहेत, याचं मला वाईट वाटत होतं. मग एकदा ते काडतुसं न्यायला आले. घेतलेली निम्मीही उडवली नव्हती, खरं तर नुसते सांगायलाच आले होते. वहिनी रानात यायला लागल्या होत्या. रायफलीला त्यांनी जुन्या ताडपत्रीची खोळ शिवून दिली होती. खोळ खांद्याला लावून अप्पा पुढे चालत, त्या मागून येत. खुरपायला बसल्या की खोळ नजरेसमोर लिंबाला टेकवून ठेवलेली असायची. आधी त्या हटकून मान वर करून तिच्याकडे बघायच्या, आता गाणी म्हणतात, असं अप्पा म्हणाले. हे सांगताना त्यांनी टोपी काढून उगीचच झटकली. मला फार बरं वाटलं. महागाची वस्तू विकून असं बरं वाटणं आमच्या धंद्यात क्वचितच.

*

मग निवडणूक लागली. निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका जमा कराव्या लागतात, ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या दुकानात. निकालापर्यंत सुटका नाही.

अप्पा आले. रायफल खोळीतून काढून माझ्या ताब्यात दिली. मग सोबत आणलेल्या पोत्यातून फावड्याचा दांडा काढला आणि तो खोळीत सरकवायला लागले.

"केसरला कळता कामा न्हाई," म्हणाले. "कळलं तर पुन्यांदा घरातच बसंल."

दांडा खोळीत सैल पडत होता. रशीदभाईंनी एका टोकाला चिंध्या गुंडाळून दस्त्याचा आकार आणून दिला, वर नाडी आवळली. अप्पांनी तो खांद्याला लावला. लांबून बघणाऱ्याला शंका येणार नाही, असा दिसत होता. मला आधी हसू आलं. पण अप्पा रस्ता ओलांडून एसटी स्टँडकडे गेले, तोवर ते पार विरलं. विलायतीवर एवढा जीव टाकलेला माणूस आता बायकोला घेऊन फावड्याच्या दांड्याच्या भरवशावर त्या रानात जाणार होता.

*

निकाल लागला, गुलाल उधळून झाला आणि लोक बंदुका न्यायला आले. अप्पा आले ते केसरवहिनींना घेऊन. त्यांना कपिलधारला दर्शनाला जायचं होतं, म्हणून त्या सोबत निघाल्या होत्या. अप्पांची पुरती पंचाईत झालेली दिसत होती. खांद्यावर खोळ, खोळीत दांडा आणि शेजारी वहिनी.

खोळ माझ्या हातात देत त्यांनी डोळ्यांनी खूण केली. "मालक, जरा तेलपानी करून द्या." आणि मी आत वळलो तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "येक दिवस बी चुकली न्हाई रानात यायची."

मी आत गेलो. रशीदभाईंनी दांडा काढला, रायफल घातली, नाडी होती तशी बांधली. मी खोळ बाहेर आणली. अप्पा रजिस्टरवर सही करायला वाकले होते, म्हणून ती वहिनींनीच घेतली. दोन्ही हातांवर जरा तोलून बघितली आणि अप्पांच्या वाकलेल्या पाठीमागून माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"भाऊ, आतला दांडा बी द्या आमचा. कवाधरनं फावडं तसंच पडून हाय."