हरणटोळाला दाखवलेला धूर

मी मुळातच संशयी. शहापूरच्या विणकरांत वाढले. तिथं कापड उलटून बघितल्याशिवाय कुणी खरं मानत नाही. लग्न होऊन जांबोटीला आले ते इंग्रजांच्या अमलात, आणि आल्या दिवसापासून मला त्या रानाचाच संशय येई. सर्वांत जास्त हरणटोळाचा. हिरवागार, करंगळीएवढा जाड, टोकदार तोंडाचा हा साप करवंदीच्या जाळीत असा पडून राहतो, की वेल कुठला आणि साप कुठला कळत नाही. वाऱ्यानं फांदी हलली की तोही डुलतो. सरडे, बेडूक खातो. त्याच्या डसण्यानं माणूस मरत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा घरोघरी एकच ठाऊक होतं: हा डसला की झाडावर चढतो आणि चितेचा धूर दिसेपर्यंत हलत नाही.

एका सकाळी थोरल्या जाऊबाईंनी परसामागं पाला तोडला आणि भारा बांधायला वेल म्हणून नेमका तोच ओढला. बोटाला डसला. बेळगावला दवाखान्यात नेऊ या म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, गाडीला बैल नाहीत. दोन्ही बैल गोठ्यात निवांत रवंथ करीत होते.

"खोटा धूर दावायचा," सासूबाई म्हणाल्या. "म्हंजे ही मेली समजून साप निघून जातोय."

परसात पेंढा रचला आणि त्यावर जाऊबाईंचं लग्नातलं लुगडं टाकलं.

"आत्याबाई, जुनं टाका की," मी म्हणाले.

"जुन्यानं त्येला पटत न्हाय," म्हणत सासूबाईंनी पेंढा पेटवला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. जाऊबाईंना मूल नव्हतं आणि थोरल्या दिरांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती. जगणाऱ्या बाईचं लग्नातलं लुगडं कोण जाळतं? माझा संताप झाला.

दुपारपर्यंत जाऊबाईंचं बोट जरासं सुजलं, एवढंच. त्या उठून परसात आल्या. हरणटोळ त्याच जाळीत होता, तोंडात सरडा धरून, आपल्याच नादात. थोरले दीर मात्र मागच्या दारात उभे राहून एकटक वर धुराकडे बघत होते.

जाऊबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साप बघंना बी धुराकडं," त्या म्हणाल्या. "तुमी कशाची वाट बघालाय?"